स्वतःची जागा स्वतः शोधणारे तरंगते सेन्सर, कोळंबीच्या तळ्यात एक पीक वापरून

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो. तळ्यात कुठल्या कोपऱ्यात ऑक्सिजन आधी पडतो हे शोधायला ही वस्तू एक नंबर आहे, पण ती जागा एकदा सापडली की तिथे पहारा द्यायला हीच वस्तू महाग पडते. पाचपैकी साडेतीन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि पोरं अजून धडपडतायत. शिवाय उद्या हाच माल दुसऱ्या कोणी आणला तरी विचारायचे प्रश्न हेच आहेत.

आमची तळी देवगड तालुक्यात विजयदुर्ग खाडीच्या काठाला, व्हेनामी जातीची कोळंबी करतो. ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, दिवसा पाण्यातलं हिरवं प्लँक्टन ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तेच प्लँक्टन, कोळंबी, तळाचा गाळ सगळे मिळून तो ओढतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, सगळ्यात खाली असतो. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर राहिला तर झोप लागते, ३ च्या खाली गेला की कोळंबी खायचं सोडते, आणि अजून खाली गेला की पहाटे काठाला मिशा वर काढून कोळंबी फिरताना दिसते आणि मग आपल्या हातात फारसं काही नसतं. उन्हाळ्यात तर मुळात मार्जिनच कमी, ३० अंशाला गोड्या पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि समुद्राइतक्या खारट पाण्यात सव्वासहाच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या तळ्याचा खारटपणा चढतच जातो. म्हणून सगळे रात्री बॅटरी आणि हातातला डीओ मीटर घेऊन बांधावरून फिरतात. पण बांधावरून हात पोचतो तेवढंच पाणी मोजलं जातं, मधलं कोण बघतो.

तर ही वस्तू म्हणजे पिवळ्या प्लास्टिकचा बंद डबा, पाच लिटरच्या कॅनएवढा, वर सोलरची छोटी प्लेट, एक अँटेना, खाली जाळीच्या पिंजऱ्यात दोन पंखे आणि वायरीला लटकलेला डीओ आणि तापमानाचा प्रोब. कंपनीवाले नोड म्हणतात, आमच्याकडे सगळे डबे म्हणतात. एका एकराच्या तळ्याला सहा डबे दिले. पंपाच्या शेडवर एक गेटवे बसवला, तो डब्यांकडून लोरा नावाच्या लांब पल्ल्याच्या रेडिओवर आकडे घेतो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे बिनपरवान्याचा आहे तो, आणि पुढे सिमकार्डवरून मोबाईलवर पाठवतो. सगळे डबे एका कोपऱ्यातून पाण्यात सोडायचे आणि ते आपापले पांगून तळंभर बसतात, हीच त्याची खासियत, याचेच पैसे.

कंपनीचा पोरगा म्हणाला, यात एआय आहे काका. एआय बिय काही नाही हो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, थोडं वाचलं. ही आयडिया वीस वर्षांहून जुनी आहे. हॉवर्ड, मॅटारिक आणि सुखात्मे या तिघांनी २००२ साली यावर पेपर लिहिला, त्याच्याही आधी १९८६ मध्ये खातिब यांनी रोबोटने अडथळ्याला आपटू नये म्हणून अशीच युक्ती मांडली होती. प्रत्येक डब्याने असं समजायचं की शेजारचा डबा मला ढकलतोय, जितका जवळ तितका जोरात, बांधही ढकलतोय, पाण्यात हवा मिसळणारा एअरेटरही ढकलतोय. सगळी ढकलाढकल बेरीज करून जिकडे जोर लागतो तिकडे थोडं सरकायचं. आणि पाण्यात घर्षण असतं तसं एक खोटं घर्षण हिशोबात ठेवायचं म्हणजे कधीतरी सगळे थांबतात. २००३ मध्ये झू आणि चक्रवर्ती यांनी यात लांबच्याला ओढणारा जोरही घातला, म्हणजे फार पांगून संपर्क तुटायला नको. कोणी साहेब मध्यभागी बसून हुकूम देत नाही, प्रत्येक डबा फक्त शेजाऱ्यांचं ठिकाण ऐकतो आणि आपलं ठरवतो.

हे शेवटचं मात्र खरंच कामाचं निघालं. आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे काय बातमी नाही, एकदा संध्याकाळी गेली आणि गेटवेचा बॅकअपही संपला. मोबाईलवर काहीच दिसेना, पण बांधावरून बॅटरी मारून बघितलं तर डबे आपापल्या जागी व्यवस्थित होते, आणि त्याच वेळी एक डबा मी मुद्दाम बाहेर उचलून घेतला तर बाकीचे हळूहळू सरकून त्याची जागा भरायला लागले. गेटवे बंद, नेट बंद, तरीही. याला पैकीच्या पैकी.

पहिल्या दिवशीचं सोडणं बघण्यासारखं होतं, अर्धी वाडी बांधावर. उघाडी, म्हणजे तळ्यात पाणी घ्यायच्या-सोडायच्या दरवाजाजवळच्या कोपऱ्यात सहाही एकामागोमाग सोडले. आधी सगळे एकमेकांना चिकटून नुसते थरथरत राहिले, मग कडेच्या दोघांनी पाठ फिरवली आणि बांधाला समांतर निघाले, त्यांच्यामुळे जागा झाली तसे मधले सुटले. अर्ध्या तासाच्या आत पाच जण वीस ते तीस मीटरचं अंतर ठेवून बसले पण. सहावा मात्र उघाडीच्या लोखंडी दरवाजापाशी गोल गोल फिरत राहिला, कारण आतला कंपास लोखंडापाशी भरकटतो आणि त्याला पूर्वेला जायचं असलं तरी तो उत्तरेला तोंड करून पंखे मारतो. काठीने ढकलून चार-पाच मीटर लांब केला तर स्वतःच शहाण्यासारखा निघून गेला. म्हणून सोडताना लोखंडापासून लांब सोडा, त्यांच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही.

एअरेटरची भानगड यापेक्षा मोठी. पॅडलव्हील, म्हणजे पाणी उडवणाऱ्या चाकांचा एअरेटर चालू झाला की त्याचा प्रवाह डब्याला ढकलतो, ते एकवेळ ठीक, पण एअरेटर बांधलेला असतो दोऱ्यांनी आणि त्या दोऱ्या पाण्याच्या जरा खालीवर लोंबत असतात. ॲपमध्ये प्रत्येक एअरेटरभोवती बंदीचं वर्तुळ काढता येतं, ते काढलं, तरी दोन एअरेटरच्या मध्ये एक डबा असा अडकला की दोन्हीकडून ढकललं जातंय, मागून बांध ढकलतोय, सगळ्याची बेरीज शून्य, आणि समोर अर्धं तळं मोकळं असूनही महाशय तिथेच. या पद्धतीचं हे जुनं दुखणं आहे, बेरीज शून्य झाली की त्याच्या मते तो पोचला. पोराला फोन केल्यावर त्याने वर्तुळं लहान करायला सांगितली आणि सुटला एकदाचा.

आणि रात्रीची ती धावपळ. आमचे तात्या रात्री तळ्यावर असतात, त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "रे, हे डबे रातभर फिरतत, ह्येंका झोप नाय काय?" खरोखर दोन डबे रात्रभर इकडून तिकडे पंखे मारत होते. कारण साधं आहे, जीपीएस स्वतःच दोन-तीन मीटर इकडेतिकडे सांगतो, डबा जागचा हललेला नसतो पण त्याला वाटतं आपण सरकलो, मग तो परत जागेवर यायला निघतो आणि तेव्हा खरंच सरकतो. सेटिंगमध्ये किती मीटरपर्यंतचा फरक सोडून द्यायचा असा आकडा आहे, तो कारखान्यातून १ वर आला होता. ५ केल्यावर सगळं शांत. पंचवीस मीटर अंतराच्या मांडणीत पाच मीटरने काय फरक पडतो, मग १ ठेवून पाठवायचंच कशाला, असं मी विचारलं तर उत्तर आलं की डेमोत छान रेखीव दिसतं.

आता मुख्य तक्रार, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

ॲप उघडलं की वर मोठ्या हिरव्या अक्षरात येतं, कव्हरेज ९६ टक्के. घेणारा खूष. पण हा आकडा येतो कसा, तर प्रत्येक डब्याभोवती एक वर्तुळ धरायचं, त्या वर्तुळात त्याला सगळं कळतं असं मानायचं, आणि वर्तुळांनी तळ्याचा किती भाग झाकला ते मोजायचं. कॅमेरा असेल, आवाज ऐकणारा माईक असेल तर हे बरोबर आहे, त्याला खरोखर काही मीटरपर्यंत कळतं. त्या हिशोबात गणितही पक्कं आहे, कर्शनरने १९३९ मध्येच दाखवलंय की सारख्या वर्तुळांनी जागा झाकायची तर त्रिकोणी मांडणी सगळ्यात काटकसरीची, दोन केंद्रांमधलं अंतर त्रिज्येच्या १.७३ पट. पण डीओच्या प्रोबला कसलं आलंय वर्तुळ? त्याच्या टोकाला जे पाणी लागतं तेवढंच त्याला कळतं. दोन हातांवरचं पाणी वेगळं असू शकतं आणि खाली तर नक्कीच वेगळं असतं. प्रोब लटकतो अर्ध्या मीटरवर, आमचं पाणी साधारण दीड मीटर, आणि कोळंबी राहते तळाला. म्हणजे ९६ टक्के कव्हरेज म्हणजे नक्की कशाचं, तर आपण मानलेल्या वर्तुळांचं. वायर लांब करून मिळते, मी एका डब्याला करून घेतली, तर तो जाताना चेक ट्रेच्या, म्हणजे कोळंबीने फीड खाल्लं का ते बघायच्या ताटाच्या, दोरीत वायर गुंडाळून बसला.

आणि सारखं पांगणं हेच मुळात तळ्याला लागू नाही. आमच्या तळ्याला एक आग्नेय कोपरा आहे, दुपारचे खारे वारे समुद्राकडून येतात तसा सगळा फेस, शेवाळाची साय, फीडची भुकटी तिकडे जमते आणि तळाला काळा गाळ साठतो. एअरेटरचा प्रवाह तिथे पोचत नाही. मधल्या मोकळ्या पाण्यात चार डबे एकसारखे आकडे देत बसलेत, ५.२, ५.१, ५.३, आणि त्या कोपऱ्याच्या वाट्याला एक डबा, तोही बांध ढकलतो म्हणून कोपऱ्यापासून दहा मीटर लांब. मी तिथे हातातला मीटर घातला तर डब्याच्या आणि माझ्या आकड्यात दीड मिलिग्रॅमचा फरक. डबा खोटं बोलत नव्हता, त्याच्या जागी तेवढंच होतं. जागाच चुकीची.

यावर उपाय त्यांच्याच ॲपमध्ये होता आणि तो त्यांनी तीन मेनूंच्या आत पुरून ठेवला होता! दुसरी एक पद्धत आहे, व्होरोनोय नावाच्या गणितज्ञाच्या नावाची, हा माणूस १९०८ मध्येच वारला. पाण्याचा जो थेंब ज्या डब्याला सगळ्यात जवळ तो त्याच्या वाट्याचा, अशी तळ्याची वाटणी करायची. भावकीतल्या वाटणीसारखंच, फक्त इथे बांध कोरायला कोणाला चान्स नाही, कारण डबा हलला की बांध आपोआप हलतो. मग प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या मध्यावर जाऊन बसायचं, वाटणी परत करायची, परत मध्यावर जायचं. बेल लॅब्जच्या लॉइडने हे १९५७ मध्ये भलत्याच कामासाठी काढलं होतं आणि छापून आलं ते १९८२ ला. २००४ मध्ये कोर्तेस आणि मंडळींनी ते फिरत्या सेन्सरना लावलं आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट ठेवली, ती म्हणजे जागेला वजन. जिथे जास्त काळजी तिथे जास्त वजन द्या, मग वाट्याचा मध्य तिकडे ओढला जातो आणि डबे तिकडे दाटीने बसतात. ॲपमध्ये बोटाने रंगवून हे वजन देता येतं. मी आग्नेय कोपरा आणि जुन्या नाल्याचा खोलगट पट्टा लाल रंगवला, आणि सहातले तीन डबे तिकडे गेले. वरचा हिरवा आकडा पडला ७१ टक्क्यांवर, खाली लगेच सूचना, मांडणी सुधारा. म्हटलं राहू दे.

त्यानंतर जे झालं त्याच्यामुळे साडेतीन तरी दिले. मेच्या सुरुवातीला दोन दिवस ढग धरून आले, पाऊस नाही, नुसतं कोंदट. उन्हाशिवाय प्लँक्टन काय ऑक्सिजन करणार. पहाटे तीनच्या सुमारास मोबाईल वाजला, मेसेज नाही, चक्क फोन येतो आणि रेकॉर्ड केलेली बाई तळ्याचं नाव आणि आकडा सांगते. कोपऱ्यातला डबा २.९, मधला ४.६, एअरेटरजवळचा ५. जुन्या मांडणीत मधलेच आकडे आले असते आणि फोन वाजलाच नसता. तात्यांना उठवून तिसरा एअरेटर त्या कोपऱ्याकडे तोंड करून चालू केला, तासाभरात ३.८. कोळंबी वर आलेली नव्हती, सकाळी चेक ट्रे रिकामा होता म्हणजे फीड खाल्लेलं. एवढं एक काम त्याने केलं आणि एक काम पुष्कळ असतं.

पण तिथून पुढे प्रश्न असा पडतो की आता तो कोपरा मला माहीत झाला, मग डब्याने तिथे दिवसरात्र पंखे मारत का उभं राहायचं. मोजायला आणि आकडा पाठवायला करंट लागतो नखाएवढा, पंखे फिरवायला लागतो तो खरा. दुपारी बारा-एकनंतर वारा सुटला की सगळे डबे पूर्वेच्या बांधाकडे ढकलले जातात आणि जागा धरण्यासाठी पंखे मारत राहतात, सोलरने दिवसभर भरलेलं दुपारीच संपतं आणि रात्री, म्हणजे ज्या वेळेला खरी गरज आहे त्या वेळेला, बॅटरी २० टक्क्यांवर. मग डबा स्वतःच मोजण्याची वेळ वाढवतो, पाच मिनिटांवरून अर्ध्या तासावर. याच्यावर त्यांनी दुसरं मॉडेल काढलंय, त्यात छोटी चरखी आहे, जागेवर पोचला की दोरीला बांधलेलं वजन खाली सोडतो आणि पंखे बंद, हलायचं असेल तेव्हा वजन वर घेतो. घ्यायचंच असेल तर तेच घ्या, साधं घेऊ नका. पीक संपताना मला दोन तसले बदलून दिले, त्यांची बॅटरी रात्री ६० च्या खाली आली नाही.

अजून एक गोष्ट, जी विकत घेताना कोणाच्या डोक्यात येत नाही. ग्राफ डब्याच्या नंबराने येतो, जागेच्या नाही. प्रोबवर आठवडाभरात बुळबुळीत थर येतो, डबा काढून मऊ ब्रशने धुवावाच लागतो, आणि एक बाहेर काढला की बाकीचे त्याची जागा भरायला सरकतात, परत टाकला की परत सरकतात पण जुन्या जागी जातीलच असं नाही. म्हणजे सोमवारचा ३ नंबर नाल्यात आणि गुरुवारचा ३ नंबर काठाला. ग्राफमध्ये डीओ वाढलेला दिसतो आणि आपण खूष, प्रत्यक्षात डबाच हललेला. जागेप्रमाणे ग्राफ द्या, आकड्यांबरोबर अक्षांश-रेखांश तुम्ही साठवताच आहात, असं मी कळवलंय. पुढच्या अपडेटला म्हणतात. तोवर धुताना सगळ्यांना जागीच थांबा असा हुकूम देऊन मगच डबा उचला, ते बटण आहे.

बटणांवरून आठवलं, परत या हे बटण झकास आहे. दाबलं की सगळे आपण सांगितलेल्या काठाला येतात, होडी काढायला नको, पाण्यात उतरायला नको. पोरं तर त्यासाठीच शाळेतून इकडे यायची. फक्त वारा पडल्यावर दाबा, दुपारी दाबलं तर निम्मे वाटेतच दम टाकतात.

खाडीत वापरू नका. ब्रोशरवर तळी, धरणं, खाड्या असं सगळं छापलंय, कंपनीचा पोरगाही उत्साही, म्हणाला काका खाडीत ट्राय करू. बाकी कुठलीही वेळ चालली असती पण याने नेमकं पुनवेचं उधाण निवडलं. भरती पूर्ण झाली तेव्हा पाणी थांबलेलं, डबे कसे छान पांगले, व्हिडिओ काढून झाला. मग ओहोटी लागली. भरतीपासून ओहोटी म्हणजे सहा तास आणि वर काही मिनिटं, आणि त्यातले मधले दोन-तीन तास पाणी असं ओढतं की होडीलाही वल्हं मारून वर चढवत नाही, तिथे या मुठीएवढ्या पंख्यांचं काय चालणार. तीन डबे उलटं तोंड करून जीव तोडून पंखे मारत मागे मागे जाताना आम्ही बघत होतो. दोन कांदळवनात अडकले म्हणून वाचले. तिसऱ्याचा संध्याकाळी फोन आला खाली राहणाऱ्या आबांचा, "तुझो डबो माझ्या जाळ्यात गावलो रे, मोठो मासो समजान ओढूक गेलंय." जाळं फाटलं होतं, त्याचे पैसे कंपनीने मुकाट्याने दिले हे सांगायला हवं.

खरं म्हणजे मोठ्या पाण्यात कोणी या भानगडीत पडतही नाही. जगभरच्या समुद्रात आर्गो नावाचे जे तरंगते सेन्सर सोडलेत, हजारोंनी आहेत, ते जागा धरायचा प्रयत्नच करत नाहीत, हजार मीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहतात, साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून मोजत मोजत वर येतात, आकडे उपग्रहाला देतात आणि परत खाली. आणि जिथे एकाच जागेचे आकडे हवेत तिथे बोया साखळदंडाने बांधतात. खाडीसाठी दुसरीच पद्धत, नांगर टाका आणि गप्प बसा.

आता किरकोळ. स्क्रू गंजले. स्टेनलेस आहेत म्हणाले, असतील, पण खाऱ्या पाण्यात ३०४ चालत नाही, ३१६ लागतं, मॉलिब्डेनम असतं त्यात, कोकणात बोट बांधणारा कुठलाही माणूस हे झोपेत सांगेल. बगळ्यांसाठी तळ्यावर दोऱ्या बांधलेल्या असतात त्या सखल असतील तर अँटेना अडकते, दोऱ्या वर घ्याव्या लागल्या. त्या वर घेतल्यावर पाणकावळे आत यायला लागले आणि त्यांना डबा म्हणजे बसायला आयती जागा, पंख पसरून वाळवत बसतात, डबा एका बाजूला कलतो, सोलर प्लेटवर पांढरा सडा. प्लेट पुसणं हे रोजचं काम होऊन बसलं. प्लेटवर उभे खिळे लावलेली पट्टी मागितली तर ती वेगळे पैसे टाकून मिळते.

ॲप इंग्रजी आणि हिंदीत, मराठी नाही. तात्यांना आकडे वाचता येतात, रंग कळतात, तेवढ्यावर चाललं, पण फोनवरची बाई हिंदीत बोलते आणि तात्या दर वेळी तिला उलट उत्तर देतात. सर्व्हिस माणूस म्हणून चांगली, पोरगा रात्रीही फोन उचलतो, पण पार्ट कुरियरने यायला वेळ लागतो आणि आमच्याकडे दुरुस्त करणारा कोणी नाही. पंख्याचा एक सील गेला तर तो डबा आठवडाभर शेडमध्ये पडून होता. दोन सील आणि दोन पंखे सुरुवातीलाच जास्तीचे मागून घ्या. पावसात मी वापरलेले नाहीत, तेव्हा तळं रिकामंच असतं.

पैशाचं म्हणाल तर सहा डबे आणि गेटवेचं एका पिकाचं भाडं साधारण दोन पॅडलव्हील एअरेटरच्या किमतीत गेलं. विकत घ्यायचा विचार मी करणार नाही. ज्याच्याकडे नवीन तळं आहे, किंवा जुनंच आहे पण मर कुठून सुरू होते ते कळत नाही, त्याने एक पीक भाड्याने घ्यावं आणि पहिल्याच आठवड्यात वजनाचा नकाशा रंगवून घ्यावा, हिरव्या आकड्याकडे ढुंकूनही न बघता. ज्याला आपला खराब कोपरा पाठ आहे त्याने तिथे बांबू रोवून तळापासून वीतभर वर साधा प्रोब बांधावा, तळाचं पाणी मोजलं जाईल आणि पंखे, जीपीएस, पाणकावळा काहीच नको.

मी पुढच्या पिकाला तेच करतोय, तीन ठिकाणी बांबू, आणि डबे फक्त पहिला महिना, कारण गाळ काढल्यावर तळाचा आकार बदललाय आणि खराब जागा आता कुठे सरकल्या ते बघायचंय. कंपनी महिन्यावर द्यायला तयार नाही, पूर्ण पिकाचंच भाडं लावतात. आमच्या खाडीकाठचे अजून दोघे-तिघे आळीपाळीने घ्यायला तयार झाले तर बघू म्हणालेत, पडेल-वाघोटनकडच्या कोणाला इंटरेस्ट असेल तर डिसेंबरच्या आत बोला, बी टाकल्यावर मग कोणाला वेळ नसतो.